उणे एकोणपन्नास पूर्णांक सहा

उणे पन्नासला शाळा बंद.
त्याच्या अलीकडे एक दशांश जरी असला तरी चालू.
याकुतियातल्या आमच्या गावात हे पोरांना पाढ्यांआधी पाठ.
म्हणून जानेवारीत आख्खा वर्ग माझ्याशी गोड बोलायचा,
एर्चिमेन तर स्वतःचा खाऊसुद्धा द्यायचा.
गावाचं तापमान माझ्या आईच्या हातात आहे
असा त्यांचा समज होता. माझाही.

खरं तर ते असायचं झडपांच्या पांढऱ्या पेटीत,
जमिनीपासून दोन मीटरवर.
पाऱ्याचा तिथे उपयोग नाही, उणे एकोणचाळीसला तो गोठून बसतो.
नळीत अल्कोहोल, आणि अल्कोहोलात एक काळी सळई, पापणीच्या केसाएवढी.
थंडी वाढते तशी ती मागे ओढली जाते,
ऊब आली की अल्कोहोल पुढे निघून जातं,
सळई तिथेच राहते.
"किमान म्हणजे हे," आई म्हणायची,
"रात्र कुठवर येऊन गेली त्याची खूण."

एर्चिमेनचा शोध असा, की नळी
फुग्याच्या बाजूला जराशी कलती केली
तर सळई खाली घसरते.

त्या सकाळी पेटीचं दार मी उघडलं.
हातमोजा काढला.
मागे आगाफ्या स्पिरिदोनोव्ना उभी. वहीवर सही करताना आई एवढी लांब व्हायची.
ओरडली नाही. मला स्टुलावर चढवलं.
"डोळा सळईच्या रेषेत आण.
वरून बघितलंस तर एक आकडा, खालून बघितलंस तर दुसरा.
थर्मामीटर खोटं बोलत नाही, मान बोलते."

उणे एकोणपन्नास पूर्णांक सहा.

"चारच दशांश, आई. देऊन टाक ना."

तिने टेकाडाकडे बोट केलं. टेकाड दिसत नव्हतं, तरी केलं.
"वर प्रोकोपीचे घोडे आहेत, तिथे आत्ता उणे छत्तीस.
थंड हवा जड. ती ओघळून आपल्या दरीत बसते, ऊब वर राहते.
उंच जावं तसं गारठावं हा नियम, इथे उलटा,
म्हणून नाव विपरीतता.
उद्या प्रोकोपी म्हणाला, माझाही आकडा लिहा, तर?"

मी म्हणालो, प्रोकोपी शाळेत जात नाही.

ती हसली, आणि तिचं हसू तोंडासमोर पांढरं होऊन लोंबत राहिलं.
वारा नव्हताच. भिंतीवरच्या नकाशात समदाब रेषांची कडी,
कड्यांच्या मधोमध आम्ही, प्रत्यावर्ताच्या पोटात,
जिथे हवा वरून उतरते
आणि रवंथ करणाऱ्या गाईसारखी बसून राहते.
दोरीवरची चादर फळी झालेली,
ती फळी असतानाच वाळणार, आठवड्याने,
मध्ये पाणी न होता. संप्लवन.
हा शब्द मला आवडायचा, कारण त्यात कुणी ओलं होत नाही.

"आणि हे धुकं?"
"आपलंच. चुलींचं, गोठ्यांचं, तुझ्या बडबडीचं.
एवढ्या थंड हवेत वाफेला जागा नसते.
श्वास पाणी झाला न झाला तोच बर्फ."
खरंच, कान दिला तर ऐकू यायचं,
श्वास कॉलरवर झरताना, धान्य सांडावं तसं बारीक.
आमच्यात त्याला ताऱ्यांची कुजबुज म्हणतात.
वहीत त्याला रकाना नाही.

मग तिने माझ्या हातात बॅटरी दिली.
"शाळेच्या वाटेला लाग. बॅटरी माझ्याकडे धर, पावलं मोज.
दिसेनासा झालास की हाक मारते."

मी उलटा चालत गेलो.
आधी पेटी गेली, मग आईचे पाय,
मग आई.
एकसष्टाव्या पावलाला धुक्यातून आवाज आला: "बास! किती?"
"एकसष्ट!"
"जा आता, उशीर होतोय!"

एर्चिमेन दोन दिवस बोलला नाही.

केंद्र बंद झालं तेव्हा वह्या मी घरी आणल्या.
ते पान आहे. किमान तापमान, वायुभार, वारा शून्य.
शेवटच्या रकान्यात, तिच्या आखूड अक्षरात,
दृश्यता: चाळीस मीटर.

तिथवर मी होतो.